रेंज : एका शब्दाचा आणि एका जिल्ह्याचा इतिहास

गेल्या पंचवीस वर्षांत मराठीत आलेल्या परभाषी शब्दांपैकी ‘रेंज’ इतका सर्वदूर रुजलेला शब्द क्वचितच सापडेल. जालना जिल्ह्यात भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत कोठेही जा, फोन हातात असलेला माणूस ‘रेंज हाय का?’ असे विचारतो आणि समोरच्याला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. हा शब्द आपल्याकडे स्त्रीलिंगी झाला, त्याला क्रियापदेही आपलीच मिळाली. रेंज येते, जाते, मिळते, पकडते. ‘येणे’ आणि ‘जाणे’ ही क्रियापदे मराठवाड्याच्या बोलीत आणखी कशासाठी वापरली जातात ते आठवून पाहावे: लाइट येते-जाते, नळाला पाणी येते-जाते, पाऊस येतो-जातो. ज्या वस्तूंवर आपली सत्ता नाही, ज्या दुरून येतात आणि न सांगता जातात, त्यांच्या पंक्तीत आपल्या भाषेने रेंजला बसवले आहे. भाषेची ही जाण मोठी मार्मिक म्हटली पाहिजे.

मात्र याच शब्दाने एक घोटाळाही करून ठेवला आहे. ‘रेंज’चा मूळ अर्थ पल्ला, टप्पा. मनोऱ्याची लहर येथवर पोचते की नाही, एवढेच तो सांगतो. आज आपण मात्र त्याच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, लहरीची तीव्रता. म्हणजे फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या काड्या. दुसरी, डेटाचा वेग. म्हणजे चित्र, ध्वनी वा अर्ज किती झपाट्याने येतो वा जातो. काड्या भरलेल्या असूनही पडद्यावरचे चक्र फिरतच राहते, तेव्हा आपण गोंधळून म्हणतो, ‘रेंज तर फुल आहे, पण रेंज नाही.’ या वाक्यातील विसंगती बोलणाऱ्याच्या अज्ञानातून आलेली नाही. एका शब्दावर दोन अर्थांचा भार पडल्यामुळे ती निर्माण झाली आहे. हे दोन अर्थ वेगळे करणे आणि ते वेगळे न केल्याची किंमत कोण मोजतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण पोच आणि प्रवाह यांतील अंतर या जिल्ह्याने मोबाईल येण्यापूर्वीही अनुभवलेले आहे.

प्रारंभ १८०३ पासून करू. त्या वर्षी २१ सप्टेंबरला बदनापूर येथे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोन फौजांनी दोन वेगळ्या वाटांनी निघावे आणि २४ तारखेला भोकरदनजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यावर मिळून चाल करावी, असे ठरले. शत्रू कोठे आहे याची बातमी हरकाऱ्यांनी आणली होती : भोकरदनला. बातमी वेळेवर पोचली, स्पष्ट पोचली. पण भोकरदन हे गावाचेही नाव होते आणि परगण्याचेही. ऐकणाऱ्याने गाव घेतले. सैन्याचा तळ मात्र भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेला होता. २३ तारखेला वेलस्लीला शत्रू अपेक्षेपेक्षा बराच जवळ सापडला आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईची ती प्रसिद्ध आणि अत्यंत रक्तरंजित लढाई झाली. लष्करी इतिहासकार या लढाईची चर्चा डावपेचांच्या अंगाने करतात. संदेशवहनाच्या अभ्यासकाला त्यात वेगळेच दिसेल. संदेश पोचणे आणि संदेशातील माहिती शाबूत पोचणे या दोन भिन्न घटना आहेत. हरकाऱ्याची ‘रेंज’ पुरेशी होती. उणीव होती ती एका नावाला दोन अर्थ असण्यात. आपल्या ‘रेंज’ या शब्दाचे नेमके तेच झाले आहे.

दुसरा दाखला लोहमार्गाचा. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड–सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि जालना नकाशावर ‘जोडले’ गेले. कापसाची बाजारपेठ म्हणून शहराची भरभराट झाली. ‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण आजही ऐकू येते. परंतु हा मार्ग मीटरगेज होता आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेज. मनमाडला प्रवाशांनी गाडी बदलायची आणि मालाची चढउतार करायची, हा क्रम नऊ दशके चालला. रूळ होते, स्थानक होते, गाडीही येत होती. अरुंद होती ती वाट. रुंदीकरणाची मागणी मराठवाड्याच्या विकासाच्या चळवळीत सतत अग्रस्थानी राहिली आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती जालन्यापुरती पूर्ण झाली. नऊ दशके कोणी जर ‘जालन्यात रेल्वे आहे काय?’ असे विचारले असते तर प्रामाणिक उत्तर ‘आहे’ असेच आले असते. प्रश्नच अपुरा होता. ‘किती रुंद आहे आणि पुढे कोठे अडते?’ हे विचारायला हवे होते, आणि मराठवाड्याने ते विचारले म्हणूनच रुंदीकरण झाले. ‘रुंदीकरण’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरा दाखला एका योगायोगाचा आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत हैदराबादवरील पोलीस कारवाई झाली आणि मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात क्लॉड शॅनन या गणितज्ञाचा एक प्रदीर्घ निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. पहिला भाग जुलैच्या अंकात, दुसरा ऑक्टोबरच्या. म्हणजे जालना, अंबड, भोकरदन स्वतंत्र झाले ते या निबंधाच्या दोन भागांच्या मध्ये. दोहोंचा परस्परसंबंध काही नाही. पण आज अंबडच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील फोन ज्या नियमाने चालतो, तो नियम त्या निबंधात आहे; ‘बिट’ हा शब्दही छापील स्वरूपात प्रथम तेथेच आला.

शॅननचे म्हणणे साहित्याच्या विद्यार्थ्याला समजण्याजोगे आहे. कोणत्याही वाटेने दर सेकंदाला किती माहिती बिनचूक नेता येईल याला एक कमाल मर्यादा असते आणि ती दोन गोष्टींवर ठरते : वाटेची रुंदी आणि संदेशाचे गोंगाटाशी असलेले प्रमाण. संदेशाची निव्वळ तीव्रता या सूत्रात कोठेही एकटी येत नाही. ती नेहमी गोंगाटाच्या तुलनेत येते. वर्गात शिक्षकाचा आवाज किती मोठा आहे याला महत्त्व नाही; शेजारच्या वर्गाच्या गलक्यापेक्षा तो किती वर आहे याला महत्त्व आहे. शिवाय हे प्रमाण वाढवल्याचा लाभ फार हळूहळू मिळतो. संदेश गोंगाटाच्या १५ पट असेल तर रुंदीच्या प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला जास्तीत जास्त ४ बिट जातात. ८ बिट जायला हवे असतील तर तो २५५ पट असावा लागतो. वेग दुप्पट, त्यासाठी ताकद सतरा पट! उलट वाट दुप्पट रुंद केली तर, प्रमाण तेच राखल्यास, वेग सरळ दुप्पट होतो. मनमाड मार्गाच्या रुंदीकरणाची मागणी करणाऱ्यांना हे सूत्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी त्यांचा आग्रह या सूत्राशी सुसंगत होता.

गोंगाट वाढला की वेग का घटतो, हे मोडी आणि बाळबोध यांच्या तुलनेने सांगता येईल. मोडी हात न उचलता झपाट्याने लिहिता येते. पण अक्षरांची वळणे एकमेकांच्या इतकी जवळ असतात की वाचणाऱ्याची नजर तयार हवी. बाळबोध सावकाश लिहावी लागते. अक्षरे मात्र ठसठशीत असल्याने चुकण्याची शक्यता कमी. फोन आणि मनोरा यांच्यातही अशीच निवड क्षणोक्षणी चालते. लहर स्वच्छ असेल तर ते २५६ चिन्हांच्या वर्णमालेत बोलतात आणि प्रत्येक ठोक्याला ८ बिट नेतात. गोंगाट वाढला की जवळजवळची चिन्हे ओळखू येत नाहीत, म्हणून ६४ चिन्हांवर, मग १६ वर आणि शेवटी अवघ्या ४ चिन्हांवर उतरतात. तेव्हा एका ठोक्याला २ बिटच जातात. त्यात भर म्हणून चूक सापडावी यासाठी पुनरुक्ती करावी लागते. जुन्या हुंडीत रक्कम आकड्यात, अक्षरी, आणि वर ‘निमे अमुक यांचे दुप्पट’ अशी तीनतीनदा लिहीत; त्यातला हेतू हाच. हुंडी सुरक्षित राहते, कागद मात्र भरतो. वाईट लहरीत तुमच्या फोनचा वेळ अशा पुनरुक्तीतच खर्च होत असतो.

आता या पार्श्वभूमीवर मोबाईल फोन जालन्याला कसा आला ते पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून सुखराम यांच्याशी दिल्लीत संभाषण केले, तो देशातील पहिला मोबाईल कॉल मानला जातो. परवाने देताना देशाची ‘सर्कल’मध्ये विभागणी झाली. मुंबई स्वतंत्र ठेवली गेली आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचे एक सर्कल झाले. म्हणजे जालना, पुणे, नागपूर आणि पणजी एकाच परवान्यात आले. कोणताही व्यापारी मनोरा प्रथम कोठे उभारील हे सांगायला भविष्यवेत्ता नको. पुढे २००१ नंतरच्या परवान्यांतील अट तर वाचण्यासारखी आहे : पहिल्या वर्षात सर्कलमधील १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालये सेवेखाली आणावीत, मुख्यालय ‘व्यापले’ म्हणजे त्याच्या नगरपालिका हद्दीचे ९० टक्के क्षेत्र व्यापले. ग्रामीण भाग व्यापण्याची सक्ती नव्हती. जालना शहराच्या नगरपालिकेची हद्द संपली की मंठा, जाफराबाद, परतूर यांच्याकडे जाणाऱ्या वाटा या अटीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हत्या.

बीएसएनएलची मोबाईल सेवा २००२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि फोन गावोगाव पोचला. त्या काळी मनोऱ्यांकडून अपेक्षा आवाजाची होती. आवाजाला फार थोडी जागा पुरते. दोन काड्या असोत की पाच, बोलणे होत असे; काडी हे पुरेसे प्रामाणिक माप होते. जीएसएम पद्धतीत एका मनोऱ्याची कमाल त्रिज्या ३५ किलोमीटर धरली जाते. जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. ३५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ३,८५० चौरस किलोमीटरचे. कागदावर दोन मनोरे अख्खा जिल्हा व्यापतील! अर्थात उत्तरेकडचे अजिंठ्याचे डोंगर, चढउतार आणि घरांच्या भिंती हे गणित मोडून टाकतात. शिवाय त्या दोन मनोऱ्यांवर सारा जिल्हा एका वेळी बोलू शकणार नाही. तरीही ‘पल्ला’ हाच विचार त्या काळाच्या केंद्रस्थानी होता आणि ‘रेंज’ हा शब्द त्या काळाचे अपत्य आहे. पुढे २०१० च्या लिलावानंतर थ्री-जी आले, ५ सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त फोर-जी डेटा सर्वत्र पोचला, १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जीचा प्रारंभ झाला. फोनचे काम बदलले. शब्द मात्र जुनाच राहिला.

मग काडी म्हणजे नेमके काय? फोनला मनोऱ्याकडून मिळणारी शक्ती ‘डीबीएम’ या एककात मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. त्याखाली प्रत्येक दहाच्या पायरीवर शक्ती एक-दशांश होते. म्हणून उणे ७० आणि उणे १०० यांत दिसायला तीसचा फरक असला तरी प्रत्यक्षात तो हजारपट आहे. उणे १०० म्हणजे एका मिलिवॅटचा दहा अब्जावा भाग. एवढ्याशा कुजबुजीवरही फोन काम करतो हेच आश्चर्य. फोर-जीच्या मापात साधारणपणे उणे ८५ च्या आसपास लहर उत्तम, उणे १०० ला मध्यम आणि उणे ११५ च्या खाली लंगडी समजावी. या आकड्यांचे काड्यांत रूपांतर कसे करावे याचा जागतिक नियम मात्र नाही. प्रत्येक कंपनी आपापला ठरवते. २०१० च्या जुलैत अॅपल कंपनीने जाहीर पत्रकात मान्य केले की काड्या दाखवण्याचे तिचे सूत्र पूर्णपणे चुकीचे होते आणि अनेकदा दोन काड्या जास्त दिसत होत्या. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन फोनांत एकावर तीन आणि दुसऱ्यावर चार काड्या दिसल्या तर दुसऱ्याची रेंज चांगली, असा निष्कर्ष काढता येत नाही तो यामुळे.

काड्यांना आणखीही बरेच सांगता येत नाही. एक म्हणजे गर्दी. मनोऱ्याचे सामान्यतः तीन भाग असतात आणि प्रत्येक भाग एका दिशेच्या साऱ्या लोकांत वाटला जातो. समजा, १० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यावर लहर गोंगाटाच्या १५ पट आहे. शॅननच्या हिशेबाने कमाल वेग ४० एमबीपीएस झाला. एकाच वेळी वीस जण डेटा मागत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन, ऐंशी जण असतील तर अर्धा. काड्या पहाटे तीनला जेवढ्या, तेवढ्याच रात्री नऊला. आठवडी बाजाराच्या दिवशी वा राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी लोटते तेव्हा मनोरा तोच असतो आणि त्याचा आवाजही तोच. ऐकणारे वाढलेले असतात.

दुसरी गोष्ट मनोऱ्यामागची वाट. मनोरा हा शेवटचा थांबा आहे. त्याच्यामागे फायबरची तार किंवा मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे जाणारा सूक्ष्मलहरींचा दुवा असतो. तो अरुंद असेल तर समोरच्या पाच काड्या म्हणजे रुंद दरवाजा आणि आत बोळ. पावसाळ्यातला एक अनुभव येथे उलगडतो. मुसळधार पाऊस फोन आणि मनोरा यांच्यातील लहरीला फारसा अडवत नाही, कारण तिची वारंवारता त्या मानाने कमी असते. पण दोन मनोऱ्यांमधील दुवे बहुधा पुष्कळ वरच्या वारंवारतेवर चालतात आणि जोराच्या सरीत क्षीण होतात. काड्या जागच्या जागी राहतात आणि नेट बसते. वीज गेली आणि बॅटरीने दम सोडला तर मात्र काड्याही जातात. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्याने ते पुरेपूर पाहिले आहे.

तिसरी गोष्ट मधला अडसर. ९०० मेगाहर्ट्झची लहर दूर जाते, भिंतीतून बरी शिरते. पण त्या पट्ट्यात जागा थोडी. ३,५०० मेगाहर्ट्झला जागा भरपूर, पल्ला मात्र आखूड. म्हणजे दूरवर ऐकू येणारी वाट अरुंद आणि रुंद वाट जवळच संपणारी. खेड्यात काड्या भरलेल्या आणि वेग बेताचा, याचे हे एक साधे कारण. त्यात आपली घरे. माती-माळवदाची जागा पत्र्याने आणि स्लॅबने घेतली. पत्रा लहर परतवून लावतो. सळयांची जाळी तिला बऱ्यापैकी रोखते. ज्या जालन्याच्या पोलाद कारखान्यांतल्या सळया दूरदूरच्या इमारतींत जातात, त्याच सळया आपल्या माणसांना फोन घेऊन गच्चीवर पाठवतात, ही गंमतच आहे. शेतातही पावसाने भिजलेली दाट पालवी लहर शोषून घेते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीच्या बागेत भर पावसाळ्यात फोन लावणाऱ्याला हे पुस्तकात वाचावे लागत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत कमी लक्षात येते, आणि सर्वांत महत्त्वाची तीच आहे. काड्या सांगतात की मनोऱ्याचा आवाज फोनला किती ऐकू येतो. फोनचा आवाज मनोऱ्याला किती ऐकू जातो हे त्या सांगत नाहीत. मनोरा काही दशके वॅटने बोलतो. फोर-जी फोनची कमाल शक्ती सुमारे ०.२ वॅट. मनोऱ्याचे कान तीक्ष्ण असल्याने ही तूट काही अंशी भरून निघते, पूर्णपणे नाही. दूरच्या शिवारात म्हणूनच व्हिडिओ कसाबसा दिसतो, पण एक छायाचित्र पाठवता पाठवत नाही. ऐकू येते, बोलता येत नाही. 

हा तांत्रिक तपशील वाङ्मयाच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या इतिहासात आहे. २०२० च्या जूननंतर आमचे वर्ग फोनवर भरू लागले. ‘रेंज नव्हती सर’ हे वाक्य त्या दोन वर्षांत आम्ही सर्वांनी ऐकले आणि कित्येकदा त्यावर शंका घेतली गेली, कारण विद्यार्थ्याचा व्हॉट्सॲपवरचा निरोप तर पोचलेला असे. निरोपाच्या चार ओळींना लागतात मोजके बाइट; तासाभराच्या व्याख्यानाला लागतो अखंड प्रवाह. विद्यार्थी खरे बोलत होता. त्याच्याजवळ शब्द तेवढा अपुरा होता.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद घेत. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यायचे आणि ॲपमधून नोंदवायचे. सातबाऱ्यावरील ही नोंद नुकसानभरपाई, विमा, हमीभावाची खरेदी यांसाठी लागते आणि तिला मुदत असते. अखेर छायाचित्र सर्व्हरपर्यंत पोचावेच लागते. म्हणजे राज्याने शेतकऱ्याकडून मागितली ती नेमकी चौथ्या प्रकारची क्षमता, जी काड्यांत दिसत नाही. ‘तुमच्या गावात टॉवर आहे, नकाशात कव्हरेज आहे’ हे कागदोपत्री खरे असते आणि बांधावरच्या माणसाची तक्रारही खरी असते. पहिले विधान पल्ल्याविषयी आहे, दुसरे प्रवाहाविषयी. दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे संवाद तुटतो आणि कागदाचा पक्ष जिंकतो.

२६ फेब्रुवारी २०२४ चा दिवसही येथे नोंदवला पाहिजे. मराठा आरक्षण आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर त्या दिवशी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही तास थांबवण्यात आली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच की अशा वेळी मनोरे उभे असतात, लहर येत असते, काड्या भरलेल्या असतात आणि डेटाचा वेग शून्य असतो. तीव्रता आणि वेग या दोन वेगळ्या वस्तू आहेत याचा याहून स्वच्छ पुरावा प्रयोगशाळेतही मिळणार नाही.

सरकारी परिभाषाही या भेदाकडे हळूहळूच सरकली. २००४ च्या धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किमान २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ते ५१२ झाले आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम केले आणि कंपन्यांना आपल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे देणे बंधनकारक केले. हे स्वागतार्हच आहे. पण नकाशावर रंग भरला म्हणजे वेग भरला, असे नव्हे. मनमाड–सिकंदराबाद मार्गही नव्वद वर्षे नकाशावर ठळक रेषेने दाखवला जात होता.

तेव्हा भाषेच्या शिक्षकांनी या प्रकरणी करण्याजोगे एक काम आहे. एका ‘रेंज’चे चार-पाच शब्द करावेत. लहर पोचते का, तो पल्ला. किती जोराने पोचते, ती तीव्रता. ती काड्यांवरून न जोखता फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत दिसणाऱ्या डीबीएमच्या आकड्यावरून सांगावी. तिच्यात किती मिसळ आहे, तो गोंगाट. वाट किती मोठी, ती रुंदी. किती जणांत वाटली जाते, ती गर्दी. हे शब्द घेऊन तक्रार लिहून पाहावी. ‘रेंज येत नाही’ या तक्रारीला ‘तपासले, येते’ एवढे उत्तर पुरते. ‘अमुक गटात, उणे ९० डीबीएम असताना, पहाटे पाचला छायाचित्र जाते आणि सायंकाळी सातला जात नाही’ या तक्रारीला तसे उत्तर देता येत नाही. कारण त्या एका वाक्यात दोष तीव्रतेचा नसून गर्दीचा वा मागच्या वाटेचा असावा हे निदानही आलेले असते. आमच्या महाविद्यालयांतून अर्ज-लेखन हा घटक आजही शिकवला जातो. त्यात हा नमुना घालण्यास कोणत्याही अभ्यास मंडळाची हरकत नसावी.

मराठवाड्याने एकदा ‘रेल्वे द्या’ ही मागणी बदलून ‘रेल्वे रुंद करा’ अशी केली होती, आणि तो बदल प्रथम शब्दात झाला, मग रुळात. लहरींच्या बाबतीत तो शब्द अजून आपल्या तोंडी यायचा आहे.